कानटोपीतले आप्पा

पौडला थंडी पडली की नाही, हे आम्ही आप्पांच्या कानांवरून ओळखतो. कान दिसले, म्हणजे अजून पडायची आहे. कोजागरीचं दूध पोटात जातं न जातं तोच ट्रंकेतली कानटोपी बाहेर येते आणि डांबरगोळीचा वास आप्पांच्या दोन पावलं पुढे स्टँडवर पोचतो. टोपीवर मफलर, बंडीवर सदरा, सदऱ्यावर स्वेटर, स्वेटरवर लग्नातला कोट आणि या सगळ्यावर घोंगडी. आतल्या खिशातले सुटे पैसे हाती लागेपर्यंत चहा गार झालेला असतो. मग दुसरा.

असा एक आप्पा गावोगाव असतोच. "थंडी वाजते का रे?" असं तो विचारत नाही. "तुला वाजत कशी नाही?" असं विचारतो, आणि उघड्या डोक्याच्या पोराकडे सोसायटीचं कर्ज बुडवल्यासारखा बघतो. वडापमध्ये खिडकीची जागा त्याला फुकट दिली तरी नको. दोन्ही बाजूंना भरल्या अंगाची माणसं हेरून तो मधे शिरतो.

"गारठा मुळा नदीतून वर येतो," हा आप्पांचा सिद्धान्त. यात ते निम्मे बरोबर आहेत, हे मला नाइलाजानं मान्य करावं लागतं. आभाळ निरभ्र असलं की रात्री जमीन भराभर निवते, तिच्यालगतची हवा गार होऊन जड होते आणि डोंगरउतारावरून ओघळत नदीकाठच्या खोलगटात साचते. म्हणजे गारठा नदीतून येत नाही, नदीकडे येतो. एवढं समजावल्यावर आप्पा म्हणाले, "येतो ना? मग झालं!"

हवामानाच्या आकड्यांवर मात्र त्यांचा विश्वास नाही. हवामान खात्याची कचेरी १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आली, आणि शिवाजीनगरच्या त्या चौकाला लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात. "सिमल्याहून आलेल्यांना पुण्याची थंडी कशी वाजणार?" १७ जानेवारी १९३५ ला पुण्याचा पारा १.७ अंशांवर उतरला होता, तेवढा एकच आकडा त्यांना पटतो. "पौडात त्याहून कमी असणार. मोजायला बाहेर कोण पडतंय!"

शेकोटीला आप्पा सगळ्यांत आधी हजर. पोरांनी पेंढा टाकला की ओरडतात. भपकन पेटतो, भपकन विझतो, वर गुरांच्या तोंडचा घास जातो. बुंधा हवा, धुमसणारा. पुढून भाजत असताना पाठ गारठते, म्हणून ते ठरावीक वेळानं उलटतात, तव्यावरच्या भाकरीसारखे. घोंगडीच्या लोकरीला शेकाचा वास सुटला, की उठायची वेळ झाली.

मागच्या वर्षी कॅनडातल्या भाचीनं बर्फात घालायचं जॅकेट धाडलं. आप्पांनी ते घालून स्टँडपर्यंत एक फेरी मारली आणि घामेघूम होऊन परतले.

"का हो आप्पा, बरं नाही का?"

"छे! त्यात थंडी वाजतच नाही."

हल्ली ते जॅकेट पहाटे त्यांच्या मोटारसायकलीवर असतं. सीटवर दव पडू नये म्हणून. शेजारी घोंगडीत आप्पा, कुडकुडत.