चष्मा मिळाला, आरसा कुठाय?

नेत्याचा वाढदिवस आला की गावाला दोन गोष्टी हमखास मिळतात: चौकात फ्लेक्स आणि शाळेत मोफत नेत्रतपासणी. फ्लेक्सवर नेता आणि झाडून सारे कार्यकर्ते गॉगल लावून उभे. शाळेत बायाबापड्या रांगेत. ज्यांचे डोळे धड आहेत त्यांना काच काळी, ज्यांचे नाहीत त्यांना फुकटची.

आमच्या सोनाळ्याच्या चौकात गॉगलला कुणी वय विचारत नाही. रात्री नऊला लावलेल्या गॉगललाही नाही. पण पन्नाशीतल्या काकूंनी एकदा लाल फ्रेमचा चष्मा लावून बसस्टँडवर उभं राहून दाखवावं. "काहून वो काकू, मॅडम झाल्या काय?"

झाल्या तर? तुमच्या खिशातून गेले?

शिबिराचा रिवाज ठरलेला. "मावशी, खालची ओळ वाचा." नंबर निघतो, खोक्यातून चष्मा निघतो. तपकिरी प्लॅस्टिक, एकच माप, सगळ्या नाकांना सारखं. मग पाहुण्यांच्या हस्ते वाटप. फोटोग्राफर असतो, हार असतात, माइक तर असतोच असतो. आरसा नसतो.

वर्षातून दोनदा नेसायच्या साडीसाठी शेगावची तीन दुकानं पालथी घालणारी बाई, दिवसभर चेहऱ्यावर बसणारी वस्तू दहा सेकंदांत घेऊन घरी जाते. कारण? "आता या वयात काय पाह्यचं!" वय किती? सत्तेचाळीस. सून आली की आपल्याकडे बाईचं वय एका रात्रीत दहा वर्षांनी वाढतं. सासऱ्याचं मात्र तिथंच थांबतं. मिशीला कलप, शर्टाला इस्त्री.

चाळिशी ओलांडली की डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं धूसर दिसू लागतं. यात बाई-पुरुष भेद नाही, जातपात नाही, पक्ष तर नाहीच. सुईत दोरा जात नाही, तांदळातला खडा दाताखाली येतो, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते. 'लाडकी बहीण'चे 1500 रुपये खात्यात येतात आणि ओटीपी मात्र नातू वाचून दाखवतो. बहीण लाडकी, मोबाइल नातवाच्या हातात!

आसामच्या चहामळ्यांत एक प्रयोग झाला. 2018 साली तो 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापून आला. चाळिशीपुढचे 751 मजूर घेतले आणि निम्म्यांना जवळचं दिसण्याचा साधा चष्मा आधी दिला. त्यांची पानांची तोडणी बाकीच्यांपेक्षा जवळपास 22 टक्क्यांनी जास्त वाढली. ना नवं खत, ना नवं वाण. फक्त चष्मा.

आपल्याकडे कापूस वेचणीची मजुरी किलोवर. बोंडअळी दिसायची तरी नजर लागते. बियाणं, फवारणी, डिझेल असा खर्च मांडणारा शेतकरी वेचणाऱ्या बाईचा चष्मा कोणत्या रकान्यात मांडतो? रकानाच नाही. मग वेचणी कमी भरली की बाई कामचुकार.

बरं, चष्मा कामाचा आहे हे पटलं. कामाची वस्तू भिकार दिसलीच पाहिजे, असा नियम कुणी काढला? ट्रॅक्टरला रेडियमच्या पट्ट्या, गोंडे आणि मागे मोठ्या अक्षरांत 'आईची कृपा'. त्याच आईच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली.

सिनेमानंही हेच शिकवलं. नायिकेनं चष्मा काढला की ती सुंदर होते. नायकानं लावला की तो प्रोफेसर होतो.

या दुटप्पीपणाचा हिशेब आपल्याच जिल्ह्यातल्या बाईनं कधीच मांडून ठेवला आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे, पुस्तक 'स्त्री-पुरुष तुलना', साल 1882. जिल्ह्यात त्यांचं नाव भाषणात घेतात, पुस्तक किती जणांच्या घरी आहे ते विचारू नका. वाचायचं तर पुन्हा चष्मा आलाच.

इरावती कर्व्यांचा फोटो आठवा: गोल चष्मा, आणि पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर. दुर्गाबाई भागवत आठवा, शांताबाई शेळके आठवा. चष्म्याशिवाय डोळ्यांसमोर येतात का? फोटोपुरता काढा हो, असं यांना म्हणायची कुणाची छाती झाली असती? आणि अमेरिकेतली फॅशनसाठी गाजलेली आयरिस ॲपफेल. बशीएवढा काळा गोल चष्मा लावून नव्वदी ओलांडली, शंभरीही ओलांडली आणि 2024 मध्ये 102 व्या वर्षी गेली. तिला कुणी विचारलं नाही, आजी, या वयात?

विचारलं असेलही. तिनं ऐकलं नसेल.

दुकानात गेलात तर तिथंही एक शहाणा भेटतोच. "काकू, तुमच्या वयाला हे बरं दिसंल," म्हणत तो सोनेरी तारेची बिनचेहऱ्याची फ्रेम पुढे करतो. त्याला म्हणा, वयाला नाही, नाकाला दाखव. सावळ्या रंगावर गडद मरून, बाटलीहिरवा काय खुलतो! काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे असतात, 52-18-140 असे: काचेची रुंदी, नाकावरचं अंतर, काडीची लांबी. जुना चष्मा नीट बसत असेल तर त्याचे आकडे लिहून न्या. ब्लाउजचं माप शिंप्याला देता, मग नाकाचं का नको? दूरचं-जवळचं एकाच काचेत हवं असेल, तर फार चिंचोळी फ्रेम नको. वाचायच्या भागाला जागाच उरत नाही. आणि खाली वाकून हलवून बघा. चुलीपुढं, वाफ्यात, परातीवर वाकायचं तुम्हालाच आहे, त्या दुकानदाराला नाही.

काच पदरानं पुसू नका. धुळीनं चरे पडतात. सवय जाणार नाही, ठाऊक आहे.

पैशांचं म्हणाल तर सरकारनं नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आणला. म्हणजे दिल्लीच्या लेखी ही चैन नाही. घरच्यांच्या लेखी कधी उतरणार?

घरच्यांचा आणखी एक गुण. आईच्या फ्रेमला नाकं मुरडणारे हेच लोक स्वतःचा चष्मा सापडला नाही की पहिला हात तिच्याच चष्म्याला घालतात. बँकेचा कागद वाचायचाय, दे जरा. सातबारा बघायचाय, दे जरा.

काकू, जरूर द्या. फक्त सातबारा आधी तुम्ही वाचा. त्यात तुमचं नाव आहे का बघा, आणि मगच चष्मा डोळ्यांवरून काढा.