नोकरीची हमी, हुडी मोफत

बारावीचा निकाल लागला की दापोलीत केळसकर नाक्याच्या आसपास क्लासचे फ्लेक्स उगवतात. हल्ली त्यांवर हुडी घातलेला, तोंड नसलेला एक इसम असतो. खाली ‘अ‍ॅडव्हान्स्ड सायबर सिक्युरिटी, नोकरीची हमी’. कोकणातल्या उकाड्यात हुडी घालून बसायचं, हेच मुळात अ‍ॅडव्हान्स्ड.

इथलं कृषी विद्यापीठ 1972 पासून आंब्यावरच्या तुडतुड्यांच्या मागे आहे. आता मालवेअरची पाळी. पेनिट्रेशन टेस्टिंग, डिजिटल फॉरेन्सिक, सगळं तीन महिन्यांत. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं पळायला लागली की हप्ता भरणाऱ्या बाबांचा ऊर भरून येतो. त्याच पडद्याच्या कडेला सेलोटेपनं चिकटवलेली चिठ्ठी: ‘अ‍ॅडमिन123’. त्यातला तीन पुसट झाला, तर सरांनी तो स्केचपेननं गिरवून दिलाय.

गरज नाही असं कोण म्हणेल? ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे 94 कोटींहून अधिक रुपये मालवेअरच्या जोरावर पळवले गेले. बरेचसे 28 देशांतल्या एटीएममधून, थोडे कोल्हापुरातूनही. म्हणजे आपली माणसं या क्षेत्रात आधीपासून आहेत, फक्त प्रमाणपत्राविना.

परवा एका विद्यार्थ्याच्या आजीला ‘सीबीआय’चा व्हिडिओ कॉल आला. आजी डिजिटल अरेस्टमध्ये, नातू माडीवर हेडफोन लावून काल्पनिक बँकेची फायरवॉल भेदतोय. सायबर फसवणुकीसाठीची 1930 ही हेल्पलाइन त्याला ठाऊकच नव्हती. ती म्हणे बेसिकच्या कोर्सला येते, आणि बेसिकची बॅच काही भरली नाही.