फ्रॉम अणदूर

त्याला घरात हाक मारतात ते नाव वेगळं, आधार कार्डावरचं वेगळं आणि गाण्यात दर अर्ध्या मिनिटाला घुमतं ते तिसरंच. हे तिसरं नाव सोलापूर-हैदराबाद महामार्गालगतच्या पोराठोरांना पाठ आहे. कारण भक्तिगीत असो की लावणी, मध्येच एक बाई घोगऱ्या इंग्रजी ढंगात ते उच्चारते आणि वर ‘फ्रॉम अणदूर’ जोडते. बाईंनी अणदूर पाहिलेलं नाही. त्या कॉम्प्युटरमध्ये राहतात.

दिवसा हा माणूस नजरेत भरत नाही. मोबाइलच्या दुकानात स्क्रीनगार्ड चिकटवतो, सोयाबीनची रास चालू असली की मुकाट पोती शिवतो. विचारल्याशिवाय बोलत नाही आणि विचारलं की ओरडून बोलतो. त्यात उद्धटपणा काही नाही. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेच्या निकषानुसार १०० डेसिबलच्या आवाजात माणसाने दिवसाला १५ मिनिटांपेक्षा जास्त काम करू नये. हा गडी मिरवणुकीत संध्याकाळपासून डीजेवर उभा असतो, कानात कापसाचा बोळा घालून. त्यामुळे घरात आई दोनदा हाक मारते आणि तिसऱ्यांदा पाठीत धपाटा घालते.

त्याची खरी रात्र अनंत चतुर्दशीची. लग्नाच्या वराती, १९ फेब्रुवारी, १४ एप्रिल या तारखाही भरलेल्या असतात, पण विसर्जनाची मजा न्यारी. रात्री दहानंतर भोंगा बंद, हा ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांचा दंडक. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सरकार तो बारापर्यंत सैल करू शकतं. ते दिवस कुठले, हे त्याला एकादशीपेक्षा पक्कं ठाऊक. निवासी भागात रात्री ४५ डेसिबल ही मर्यादाही ठाऊक आहे. त्यावर तो एवढंच म्हणतो, “एवढं तर आमचा जनरेटरच करतोय की.”

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर अठरा इंची बेसची भिंत, वर टॉप, त्याच्यावर शार्पी लाइट. सगळ्यात वर, हातात लांब बांबू घेतलेलं एक पोरगं. महावितरणच्या तारा उचलून धरायच्या आणि मिरवणूक खालून जाऊ द्यायची, हे त्याचं काम. रात्रीतला सर्वांत जोखमीचा माणूस तो, पण त्याचं नाव कुठल्याच गाण्यात येत नाही. खाली मिक्सरवर पारदर्शक प्लास्टिक ताणलेलं असतं, तरी गुलाल आत शिरतोच. फेडर खरखरायला लागला की आपला कलाकार दाढीच्या जुन्या ब्रशने तो साफ करतो, फुंकर मारतो आणि त्याच हाताने कपाळ पुसतो. दहाच्या सुमारास तो गणपतीपेक्षा जास्त गुलाबी दिसतो.

आणि आता तो पब्लिक वाचायला लागतो. वर केलेल्या हातांकडे तो बघत नाही. हात कुणीही वर करतं, मोबाइलवर शूटिंग चालू असलं की जास्तच. तो बघतो पायांकडे. टाचा उचलल्या गेल्या की बेस खाली ओढायचा, नुसती हलगी ठेवायची, पब्लिकला लटकवायचं, लटकवायचं, आणि मग सोडायचा! पब्लिक पेटलं की याचेही खांदे उडायला लागतात, दिवसभर न फुटलेला आवाज माइकवर फुटतो, “अणदूरकर, आवाज कुठाय?” आवाज कुठे आहे हे तामलवाडीपर्यंत कळलेलं असतं.

ही विद्या फार जुनी नाही. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी लावणाऱ्या कूल हर्कच्या ध्यानात आलं होतं, की गाणं थांबून नुसता ताल उरतो तेव्हा नाचणारे खरे सुटतात. पुढे त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तेवढाच तुकडा लांबवत नेला. हिप-हॉपचा जन्म तिथला मानतात.

अणदूरला मात्र हे कळायला ब्राँक्सला जायची गरज नव्हती. इथला खंडोबा सव्वादहा महिने गावात आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात मुक्कामाला असतो. त्याच्या जागरणात मंडळी पेंगायला लागली की वाघ्या दिमडीची लय बदलतो. ‘येळकोट येळकोट’चा गजर वर चढला की तीच लय धरून ठेवतो. तालुक्याच्या गावी तुळजाभवानीचा गोंधळी संबळावर हेच करतो. आपल्या कलाकाराची सगळ्यात खपणारी फाइल संबळाचीच आहे, खाली बेस घातलेली. आपण आजोबांच्याच धंद्यात आहोत, असं त्याला सांगितलं तर तो बेल्जियमच्या ‘टुमारोलँड’ या डीजे महोत्सवाचा व्हिडिओ उघडून दाखवतो.

फर्माइशी हा त्याचा खरा छळ. एकाला ‘झिंगाट’ पाहिजे, दुसऱ्याला तेच पुन्हा. ‘सैराट’च्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसमध्ये वाद्यवृंद घेऊन ध्वनिमुद्रण केलं होतं, ती व्हायोलिनं ट्रॉलीपर्यंत पोचत नाहीत, वाटेत बेस त्यांना गाठतो. नोट नाचवत कुणी म्हणतं, “लाव की गा नागीण.” कलाकाराचा चेहरा कडू होतो. पण नोट खिशात जाते आणि पुंगी वाजते.

अशा भरात, साडेअकराला, जनरेटर बसतो. लाइट गेले, भिंत मुकी झाली. कलाकार वायरी हलवतो, डिझेल बघतो, मदतनिसाच्या खानदानाचा उद्धार करतो. त्याला वाटतं, पब्लिक आता आपल्या नावाने ओरडणार. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा गडी हलगी घेऊन पुढे येतो, गोवरी पेटवून कातडं शेकतो आणि काडी टाकतो. पब्लिक दुप्पट जोराने नाचायला लागतं. पीएसआयच्या गाडीचा ड्रायव्हरसुद्धा स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरतो. वीस मिनिटांनी जनरेटर सुरू होतो, तेव्हा दोघंतिघं मागे वळून कलाकारालाच म्हणतात, “थांब की जरा!”

बाराला नळदुर्ग ठाण्याचे साहेब तर्जनी वर करतात आणि सगळं बंद होतं. बेसची खोकी उतरवताना मंडळाचा खजिनदार वही घेऊन येतो. ठरलेल्यातून अॅडव्हान्स वजा, वीस मिनिटं बंद होतं त्याचे वजा.

“आणि हे पाचशे कशाचे कापले?” कलाकार ओरडून विचारतो.

“हलगीवाल्याला दिले,” खजिनदार म्हणतो. “तुझ्याच जागी वाजवलं की त्यानं.”