रा. रा. स्फटिकराव क्वार्ट्झ यांस अनावृत पत्र

रा. रा. स्फटिकराव,
मुक्काम : सेन्सरचा सर्किट बोर्ड, प्रोसेसरला लागून.

स. न. वि. वि.

तुमची थोरवी आम्ही पामरांनी काय वर्णावी! सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरायचं, सर्किटनं तो आकडा पंधरा वेळा निम्मा केला की एक सेकंद तयार, एवढीच तुमची नोकरी. घराणं मात्र नामांकित. दाबलं की तुमच्यात वीज निर्माण होते हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. १९६९ च्या नाताळात सेइकोनं तुमच्या पूर्वजाला मनगटी घड्याळात बसवून साडेचार लाख येनांना विकायला काढलं. आज तुम्ही कटिंग चहाच्या पैशांत मिळता. वंशविस्तार झाला की भाव पडतोच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

तुमच्या डेटाशीटवर लिहिलेलं असतं : दहा लाखांत वीस, कमी किंवा जास्त. किती सोज्वळ आकडा! हिशेब मांडला तर दिवसाला पावणेदोन सेकंद होतात. मनगटावर ते खपून गेलं. पावणेदोन सेकंदांनी लोकल चुकली तरी माणूस पुलावरच्या गर्दीला शिव्या देतो, तुम्हाला नाही.

पण मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की तुम्हाला रानोमाळ पाठवावं. एकेका सेन्सरमध्ये एकेक भावंड, आणि सगळ्यांनी मिळून एकच घटना टिपायची. कोयनेचं उदाहरण घ्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपानं ज्या परिसराची झोप उडवली, तिथे भूकंपमापकांचं जाळं आहे. धक्का नेमका कुठे बसला, हे एकट्या केंद्राच्या नोंदीवरून नीट सांगता येत नाही. पहिली लाट कुठल्या केंद्राला कधी पोचली, त्या वेळांच्या फरकांतून जागा काढावी लागते. आपल्या काळ्या कातळातून ती लाट सेकंदाला पाच-सहा किलोमीटर धावते. म्हणजे तुम्ही एका सेकंदानं चुकलात की अंतराच्या हिशेबात पाच किलोमीटरांचा घोळ. अशा केंद्रांत म्हणूनच उपग्रहाकडून वेळ घेतात, तुमच्या शब्दावर विसंबत नाहीत. राग मानू नका.

बरं, सगळी भावंडं सारखीच मागे पडली असती तर आमची तक्रारच नव्हती. फरक तेच राहिले असते, जागा बरोबर निघाली असती. पण तुमच्या घरात एकमत म्हणून नाही. एक पुढे, दुसरा मागे, तिसरा सकाळी बरा आणि दुपारी बिघडलेला. आणि प्रत्येक जण मायक्रोसेकंदापर्यंतचे आकडे तोंडावर फेकणार, जणू खुद्द अणुघड्याळ बोलतंय.

दुपारचा विषय निघालाच आहे तर तुमच्या नाजूक प्रकृतीबद्दलही लिहितो. तुम्हाला २५ अंश सेल्सिअस मानवतं. त्याहून ऊन झालं तर तुम्ही मंदावता. वाटलं, निदान थंडीत तरी हिशेब चुकता कराल, पुढे धावाल. छे! थंडीतही मंदावताच. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत, ६० अंशांवर, तुम्ही जितके रेंगाळता तितकेच बर्फात, उणे १० अंशांवर : दिवसाला साडेतीन सेकंदांहून अधिक. दोन्ही बाजूंना उतार असलेला हा स्वभाव तुमच्या कापणीतच आहे असं जाणकार सांगतात. आम्ही त्याला वेगळं नाव देतो, पण ते छापण्याजोगं नाही.

तुमच्या दिमतीला मग माणसं लागली. प्रत्येक सेन्सरला जीपीएस द्यावा, तर तो वीज अशी पितो की बटण सेलवर एक दिवससुद्धा निघायचा नाही. तुमचं पोट मायक्रोअँपिअरच्या अंशावर भरतं, हे कबूल करायला हवं. शिवाय दाट झाडीत जीपीएसला आकाश पुरेसं दिसत नाही आणि खाणीत तर दिसतच नाही. शेवटी रेडिओवरूनच एकमेकांची वेळ जुळवायची. त्यात आणखी गंमत. ‘आता इतके वाजले’ हा निरोप हवेत जायच्या आधी वाहिनी मोकळी होण्याची वाट पाहत रखडतो, आणि किती रखडला हे निरोपालाच माहीत नसतं. २००२ मध्ये एल्सन, गिरोड आणि एस्ट्रिन या संशोधकांनी तोड काढली : निरोप्याचं घड्याळ विचारायचंच नाही. मंगलाष्टकांत ‘सावधान’ कानावर पडताच सगळ्यांच्या अक्षता एकदम पडतात, भटजींच्या मनगटावर किती वाजलेत याची चौकशी कोणी करत नाही. तसाच एक संदेश सर्वांना ऐकवायचा आणि कोणी तो किती वाजता ऐकला, एवढंच आपसांत ताडून पाहायचं. २००४ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या मंडळींनी त्यापुढची मजल मारली. निरोप प्रत्यक्ष निघताना त्यावर वेळेचा शिक्का मारायचा, आणि प्रत्येक सेन्सर किती वेगानं भरकटतो याची सरळ रेषा आखून त्याला आधीच दुरुस्त करत राहायचं. एका टप्प्यामागे चूक उरली मायक्रोसेकंदाच्या घरात. एका खड्याला सांभाळायला केवढा हा लवाजमा!

आणि हा लवाजमाच उलटला तर? ऑगस्ट २००५ मध्ये इक्वाडोरच्या रेव्हेंटाडोर ज्वालामुखीवर सोळा सेन्सर मांडले होते. हीच पद्धत वापरूनही काही नोंदींवर भलत्याच वेळा पडल्या. तुम्हाला वाटलं असेल, आता आपल्यावर येणार. पण त्या खेपेला दोष तुमचा नव्हता, हे न्यायासाठी नमूद करतो. घड्याळ वाचणारं सॉफ्टवेअर मधूनच खोटी वेळ सांगत होतं, आणि वेळ जुळवणारी यंत्रणा ती निमूटपणे खरी मानून शेजाऱ्यांना कळवत होती. संशोधकांनी मागाहून संशयास्पद नोंदी वगळल्या, उरलेल्यांतून रेषा आखल्या आणि वेळा पुन्हा बसवल्या. ते जमलं, कारण एका ठिकाणी थोडक्या अवधीत तुम्ही चुकता तेही एकाच चालीनं. तुमच्या चुकीच्याच आधारानं बाकीच्यांची चूक निस्तरली. ही शाबासकी जपून ठेवा, दुसरी मिळणं कठीण.

१४ ऑगस्ट २००३ ला अमेरिका आणि कॅनडात सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले, तेव्हा मात्र निस्तरणं इतकं सोपं नव्हतं. आधी कुठली लाइन पडली आणि मग कुठली, हे ठरवायला चौकशी करणाऱ्यांना हजारो नोंदी एकमेकींशी लावत बसावं लागलं, कारण सगळ्या नोंदयंत्रांची घड्याळं जुळलेली नव्हती. तिथे दोषी एकटे तुम्ही नाही. घड्याळ जुळवणं हे ज्यांचं काम होतं तेही आहेत. पण पत्र तुम्हाला लिहायला घेतलंय, तेव्हा ऐकून घ्या.

यापुढे तुमच्या शेजारी एक तापमापक बसेल. तो तुमचा ताप पाहील आणि त्या मानानं प्रोसेसर तुमचे सेकंद दुरुस्त करील. तुम्ही थरथरत राहा, हिशेब आम्ही पाहू.

कळावे, लोभ असावा (तो तुमचा दिवसाला पावणेदोन सेकंद कमी-जास्त होणारच, हे गृहीत आहे).

आपला,
नोंदी जुळवत बसलेला एक अभियंता

ता. क. तुमच्या जागी, तापमान सांभाळून घेणारा तुमचाच एक शहाणा चुलतभाऊ नेमावा, असा प्रस्ताव मी वर पाठवला होता. त्याची चूक दहा लाखांत दोन, म्हणजे वर्षाला जेमतेम एक मिनिट. अकाउंट्सनं दोघांच्या किमती शेजारी-शेजारी लिहिल्या, त्याच्या किमतीखाली लाल रेघ मारली आणि फाइल परत केली. अभिनंदन. तुमची नोकरी कायम.