श्री. अ‍ॅडमिन यांस अनावृत पत्र

श्री. अ‍ॅडमिन,
मुक्काम: सार्वजनिक वाचनालयाचा संगणक, मासिकांच्या कपाटाशेजारी.

स. न. वि. वि.

आपली प्रत्यक्ष भेट नाही. सभासदांच्या वहीत आपले नाव नाही, पगारपत्रकावर सही नाही. तरीही वाचनालयाच्या टॅलीत वर्षभरातली एकूण एक नोंद आपली आहे, हे पाहून ऊर भरून आला. वर्गणी आपण जमा करता, रद्दी आपण विकता आणि रात्री साडेअकराला गेल्या मे महिन्यातले देणगीचे व्हाउचरही आपणच दुरुस्त करता. कार्यवाह, खजिनदार, ग्रंथपाल, लिपिक आणि खजिनदारांचा पुतण्या असे पाचजण त्या संगणकावर बसतात म्हणे. दप्तर पाहता ते नुसतेच बसतात.

पासवर्ड म्हणून संस्थेचे स्थापनावर्ष ठेवलेत, हेही सोयीचे. विसरलाच कुणी, तर दारावरची पाटी वाचावी.

प्रत्येकाला स्वतंत्र नाव द्या, असे मी मागच्या सभेत सुचवले. "जास्त जणांचा परवाना परवडत नाही," म्हणून विषय संपला. वास्तविक या दोन वेगळ्या गोष्टी. एकाच वेळी अनेक संगणकांवर काम करायचे तर गोल्ड परवाना लागतो आणि तो सिल्व्हरपेक्षा बराच महाग, हे कबूल. पण आपल्या सिल्व्हरमध्ये, त्याच एका संगणकावर, पाचजणांची पाच नावे आणि पाच पासवर्ड करायला दमडी पडत नाही. कुणी मागच्या तारखेची नोंद करू नये, अशी वेसणही घालता येते. बहुधा तीच नको असावी.

लिपिकांनी तर काटकसरीची कमाल केली. डेटा पेन ड्राइव्हवर घालून घरी नेला. घरच्या टॅलीला परवाना नाही; ती एज्युकेशनल मोडमध्ये उघडते आणि महिन्याची पहिली, दुसरी व शेवटची तारीखच घेते. तेव्हापासून वर्तमानपत्रांची बिले, पंख्याची दुरुस्ती, व्याख्यात्यांचे पाकीट, सारे त्याच मुहूर्तांवर होऊ लागले. पुढे सोमवारी तो पेन ड्राइव्ह वाचनालयात रिस्टोर झाला आणि खजिनदारांनी शनिवारी केलेल्या नोंदी साफ गेल्या. म्हणजे आपण केलेले आपणच पुसलेत. यात तक्रार कुणी कुणाविरुद्ध करायची?

हिशेब तपासनीसांनी एडिट लॉगबद्दल विचारले. कार्यवाह हसून म्हणाले, १ एप्रिल २०२३ पासूनची ती सक्ती कंपन्यांना. आपण धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला न्यास, आपल्याला लागू नाही. मला त्यांची भीती कळली नाही. कुणी, कधी, काय बदलले ते लॉग सांगतो खरा. पण आपल्याकडे "कुणी" या रकान्यात शेवटपर्यंत एकच नाव येणार, आपले. त्यात घाबरण्यासारखे काय?

आता वार्षिक सभा तोंडावर आली आहे. ताळेबंदात ३१ मार्चची हातातली रोख वजा दिसते आहे. पेटीत पैसे नसतात, हे आम्हा सभासदांना समजते. नसल्याहूनही कमी कसे असतात, ते पाचांपैकी एकालाही सांगता येत नाही. प्रत्येकजण आपल्याकडे बोट दाखवतो. तरी सभेला अगत्य यावे आणि येताना ती रोख सोबत आणावी. वजा आहे, ओझे व्हायचे नाही.

आपला,
एक आजीव सभासद