भावी साहेब

सरकारी बँकेच्या बहुतेक शाखांत एक भावी साहेब असतो. आयबीपीएसची परीक्षा देऊन क्लार्क म्हणून चिकटलेला, प्रोबेशनचे सहा महिने अजून संपायचेत. पाचशेच्या गड्डीत एक नोट कमी भरली की कपाळावर घाम. पण प्रमोशनचं सर्क्युलर तोंडपाठ. पासबुक प्रिंटर अडकला की शिपाईमामांना हाक मारेल, ऑफिसरांचा स्केल वन ते स्केल सेव्हन हा जिना मात्र मनातल्या मनात रोज चढेल.

आमच्या सातारच्या शाखेतल्या भावी साहेबानं पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "काका, इथं ऑफिसर कधी होतात?" नोव्हेंबर होता. समोर हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची रांग. म्हटलं, "आधी या आजी हयात आहेत एवढं नोंदव." त्यानं नोंदवलं, आणि पुढच्या आजोबांना थांबवून जेएआयआयबीची परीक्षा पास झाल्यावर इन्क्रिमेंट कधी लागतं ते मला विचारून घेतलं.

प्रमोशनच्या पात्रतेची मुदत भरत आली तसा गडी वेगळाच दिसायला लागला. पे-इन स्लिपच्या पाठीवर हिशेब सुरू झाले. क्लार्कची बदली सहसा राज्यातल्या राज्यात. ऑफिसरला अख्खा देश मोकळा. जेवणाच्या सुट्टीत तो मोबाईलवर सिलचरचं हवामान बघायचा. ओव्हरटाइम जाणार, याचं दुःख तर त्याला आतापर्यंत न केलेल्या ओव्हरटाइमसकट होतं. युनियनचे सेक्रेटरी म्हणाले, "साहेब झालास की आमचा उरत नाहीस." आई म्हणाली, "हो बाबा साहेब, पण रात्री जेवायला घरी ये." मुलीकडच्यांनी आधी विचारलं, "ऑफिसर आहे का?" आणि लगेच, "मग सातारा सुटणार का?"

'राहू दे' हा माझा सल्ला त्यानं तेवढा मनावर घेतला नाही. मी प्रमोशन कधी घेतलंच नाही. संध्याकाळी नाटकाच्या तालमीला पोचायचं असे. आमच्या वेळी काउंटरवर निम्मं नाटक मंडळ बसलेलं असायचं, हे त्याला इतिहासाच्या पुस्तकातलं वाटतं.

खरं सांगायचं तर त्याला केबिन हवी होती, पण आमच्याच शाखेतली. आणि तोवर 'बघतोय, विचार चाललाय' म्हणत हिंडण्यात जो रुबाब होता, तो कुठल्या स्केलमध्ये बसत नाही.

शेवटच्या तारखेला प्रमोशनचा फॉर्म भरून तयार, सही तेवढी राहिलेली. तो मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेला. मॅनेजर बिहारचे, बायकामुलं पाटण्याला. रात्रीचे आठ वाजलेले, मेसचा डबा न उघडलेला, फोनवर झोनल ऑफिस थकीत कर्जांची वसुली विचारतंय.

"सर, फॉर्म भरून नंतर नको म्हणता येतं का?"

साहेबांनी फोनवर हात ठेवला आणि सातारला कमावलेल्या मराठीत म्हणाले, "तू भर रे. फक्त साहेबाचा क्लार्क व्हायचा फॉर्म कधी निघाला, तर पहिला माझ्याकडे आण."