टॉन्टनचा मुहूर्त

इंग्लंडमधल्या सॉमरसेट काउंटीच्या क्रिकेट संघाबद्दल हंगामाच्या शेवटी, सप्टेंबरात, कुणी विचारलं की ‘यंदा चान्स कसा आहे?’, तर खुशाल ‘उत्तम’ म्हणून मोकळं व्हावं. हे भाकीत सहसा चुकत नाही. उत्तम चान्स म्हणजे विजेतेपद असं समजणारा माणूस तेवढा चुकतो. सॉमरसेट १८९१ पासून काउंटी चॅम्पियनशिप खेळतोय आणि ती त्याने आजवर एकदाही जिंकलेली नाही. अठरा काउंट्यांमध्ये असे आणखी दोघेच आहेत, ग्लॉस्टरशर आणि नॉर्दॅम्प्टनशर. पण या दोघांचं अलीकडे बरं चाललंय. ते सहसा शर्यतीतच नसतात, त्यामुळे त्यांचे चाहते सप्टेंबरात निवांत चहा पिऊ शकतात. सॉमरसेट मात्र २००१, २०१०, २०१२, २०१६, २०१८ आणि २०१९ असा सहा वेळा दुसरा आला. बोहल्यापर्यंत जाऊन परत यायची त्याला सवयच जडली आहे. इयन बोथम, व्हिव रिचर्ड्स आणि जोएल गार्नर एका संघात होते, तेव्हाही जमलं नाही. १९८० साली रिचर्ड्स वेस्ट इंडीजच्या संघाबरोबर इंग्लंडच्या दौऱ्यावर होता, म्हणून त्याच्या जागी सुनील गावसकर सॉमरसेटकडून खेळले. त्या वर्षीही नाही. हे मुद्दाम सांगितलं, कारण ‘आपला एखादा माणूस पाठवला असता तर’ असं मराठी वाचकाच्या मनात येणारच. पाठवला होता.

माझं म्हणणं असं, की शेवटच्या घरच्या सामन्याआधी शक्यता मोजायची जी रूढ पद्धत आहे, तीच मुळात बिनकामाची आहे. कोण फॉर्मात आहे, कुणाचा गुडघा दुखतोय, नाणेफेक जिंकली तर काय करावं, हा सगळा ऊहापोह एका गृहीतकावर उभा असतो: संघ चांगला खेळला तर जिंकेल, आणि जिंकला तर चॅम्पियन होईल. २०१६ मध्ये सॉमरसेटने या गृहीतकाची अगदी काटेकोर परीक्षा घेतली. टॉन्टन या घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात त्यांनी नॉटिंगहॅमशरला तब्बल ३२५ धावांनी हरवलं. कर्णधार ख्रिस रॉजर्सने आपल्या कारकिर्दीच्या अखेरच्या सामन्यात दोन्ही डावांत शतकं ठोकली. सामना तिसऱ्याच दिवशी उरकला. याहून चांगलं खेळायचं म्हणजे प्रतिस्पर्ध्याला बसमधून उतरूच द्यायचं नाही. मग चौथ्या दिवशी सगळा संघ आपल्याच पॅव्हिलियनमध्ये टीव्हीसमोर बसला, कारण मुहूर्त लॉर्ड्सवर होता. तिथे मिडलसेक्स आणि यॉर्कशर खेळत होते. त्यांचा सामना अनिर्णित राहिला असता तर विजेतेपद सॉमरसेटचं. पण त्या दोघांनाही ते जिंकल्याखेरीज मिळणार नव्हतं, आणि अनिर्णित सामना दोघांनाही सारखाच निरुपयोगी होता. दोन शहाण्या कर्णधारांनी मग जे करायचं तेच केलं. आपसात ठरवलं, यॉर्कशरने सोपे चेंडू टाकून धावा वाटल्या, मिडलसेक्सने डाव सोडला, आणि यॉर्कशरसमोर ४० षटकांत २४० धावांचं लक्ष्य आलं. टोबी रोलँड-जोन्सने हॅटट्रिक घेऊन सामना संपवला. मिडलसेक्स २३० गुण, सॉमरसेट २२६. नवरदेव मुंडावळ्या बांधून टॉन्टनमध्ये बसून राहिला आणि अक्षता लंडनमध्ये पडल्या.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘मग दुसऱ्यावर अवलंबून राहायचंच कशाला? सूत्रं आपल्या हातात ठेवा.’ आक्षेप रास्त आहे, आणि २०१९ मध्ये सॉमरसेटने त्याचाही मान राखला. शेवटचा सामना पुन्हा टॉन्टनलाच, आणि समोर खुद्द अव्वल क्रमांकाचा एसेक्स, फक्त १२ गुणांनी पुढे. विजयाला १६ गुण, अनिर्णित राहिल्यास पाच. दुसरीकडे कोण काय करतंय हे बघायची गरजच नव्हती. इथवर सगळं पाठ्यपुस्तकातल्यासारखं. फक्त पाठ्यपुस्तकात पाऊस नसतो. चार दिवसांतला बराचसा खेळ पावसाने खाल्ला. सॉमरसेट २०३ धावांत आटोपला. म्हणजे काउंटीच्या तेव्हाच्या हिशोबाने दोनशे ओलांडल्याचा एक बोनस गुण पदरात. एवढ्या खटाटोपाला एक गुण, हे प्रमाण एखाद्या सरकारी अनुदानाला शोभेल असं. मग एसेक्स एक बाद १०२ वरून सर्वबाद १४१. शेवटचे नऊ गडी ३९ धावांत. जॅक लीच आणि रूलॉफ व्हॅन डर मर्व्हच्या फिरकीपुढे ॲलिस्टर कुकचा संघ पत्त्यांसारखा कोसळला. चांगलं खेळण्यात पुन्हा काही कसर नव्हती. वेळच उरला नव्हता. म्हणून सॉमरसेटने दुसरा डावच सोडून दिला. चॅम्पियन व्हायला निघालेल्या संघाने फलंदाजी करायलाच नकार दिला आणि अव्वल संघापुढे ६३ धावांचं लक्ष्य ठेवलं. क्रिकेटमध्ये याला धाडस म्हणतात, व्यवहारात दुकान गहाण ठेवणं.

दुसरा आक्षेप खेळपट्टीचा. टॉन्टनची खेळपट्टी चेंडूला इतकी वळवते की गावाला ‘सायडराबाद’ असं टोपणनाव पडलं. सायडर ही तिथली सफरचंदाची दारू, आणि उरलेला भाग आपल्याकडून उसना. घरचा संघ स्वतःच्या फिरकीपटूंसाठी अंगण उकरतो आणि मग नशिबाच्या नावाने रडतो, असं टीकाकारांचं म्हणणं. अंगण उकरतात, हे मान्य. पण २०१९ च्या हंगामात चॅम्पियनशिपमध्ये ८३ बळी घेणारा ऑफस्पिनर सायमन हार्मर कोणाच्या संघात होता? एसेक्सच्या. तरी चार दिवसांचा सामना ढगांच्या कृपेने दीड-दोन दिवसांवर येणार असेल, तर वळणारी खेळपट्टी हा एकच शिल्लक उपाय होता. उपाय लागूही पडला, एसेक्सचे नऊ गडी ३९ धावांत गेले. ढगांना मात्र फिरकी समजत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात आळशी, म्हणून सगळ्यात लोकप्रिय: ‘नशीबच फुटकं.’ हे मला अजिबात पटत नाही. २०१० साली सॉमरसेट आणि नॉटिंगहॅमशर यांचे समसमान २१४ गुण झाले आणि नॉटिंगहॅमशर जिंकलं, कारण त्यांचे विजय सात, सॉमरसेटचे सहा. या सातव्या विजयाला नशीब म्हणायचं असेल तर म्हणा, पण तो हंगामात कुठेतरी मिळवावा लागतो. २०१९ मध्ये टॉन्टनच्या सामन्याच्या आधी सॉमरसेट साउदॅम्प्टनला गेला होता, गुणतक्त्यात अव्वल म्हणून. तिथे हॅम्पशरच्या काइल ॲबटने एकट्याने ८६ धावांत १७ गडी टिपले. जिम लेकरने १९५६ मध्ये १९ बळी घेतले, त्यानंतर प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एका सामन्यातली इतकी चांगली कामगिरी कुणाची झाली नव्हती. त्याच फेरीत एसेक्स जिंकला आणि पुढे निघून गेला. थोडक्यात, टॉन्टनची वाट साउदॅम्प्टनवरून जात होती, आणि एप्रिल-मेमध्ये कुठल्याशा थंडगार सकाळी एखाद्या शेवटच्या जोडीला बाद न करता आल्याने गेलेले गुणही तिथेच साठत होते. गुणतक्त्याला महिना कळत नाही. एप्रिलचा गुण आणि सप्टेंबरचा गुण एकाच वजनाचे. शेवटच्या घरच्या सामन्यातली शक्यता म्हणजे पाच महिन्यांची उधारी चार दिवसांत फेडण्याची शक्यता, आणि सावकार म्हणून बसलेला पाऊस.

तेव्हा सप्टेंबरात भाकीत करायचंच असेल तर फलंदाजांच्या सरासऱ्या बाजूला ठेवून आकाशाकडे बघावं, मग इतर मैदानांवरच्या कर्णधारांचे चेहरे वाचावेत, आणि वेळ उरलाच तर गोलंदाजांकडे यावं. २०१९ च्या त्या संध्याकाळी उजेड मावळत असताना सॉमरसेटने बदली क्षेत्ररक्षक म्हणून मार्कस ट्रेस्कॉथिकला मैदानात पाठवलं. वय ४३, सत्तावीस हंगाम एकाच काउंटीकडून, निवृत्तीचा दिवस. गावकरी उभे राहून टाळ्या वाजवत होते, प्रतिस्पर्धीही वाजवत होते, आणि तो आपल्या जुन्या जागी, स्लिपमध्ये जाऊन वाकला. फलकावर एसेक्स एक बाद ४५. थोड्या वेळाने दोन्ही संघांनी हस्तांदोलन केलं. उरलेल्या अठरा धावा काढायची तसदीही एसेक्सने घेतली नाही.